कळवतो म्हणायचं नाही

इंदुरात जन्मला, इंदुरात वाढला, इंदुरातच म्हातारा झाला, आणि तरी पोह्यांना हात लावत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

आमचं ऑफिस भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर होतं. खाली रस्त्याला लागून पोह्यांचा ठेला. सकाळी ऑफिस उघडण्याआधी आम्ही सगळे तिथे उभे. तो माणूस म्हणजे आमचे भियासाब. तेही यायचे. चहा घ्यायचे, जलेबी घ्यायचे, आमच्या गप्पांत दोन शब्द टाकायचे. पण पोह्यांची प्लेट पुढे आली की संकोचून हात जोडायचे. ठेलेवाल्याने मात्र हार मानली नव्हती.

"भियासाब, आज तो चख लो. जीरावन मसाला घर का है, एकदम ताजा."

"तू इन बच्चों को खिला. मैं देखके खुश हूँ."

"तबियत का कुछ चक्कर है क्या?"

"नहीं रे भिया. जवाब बाकी है."

ठेलेवाला सगळं समजल्यासारखी मान हलवायचा. आम्हाला मात्र काही कळायचं नाही. पोहे आणि जवाब यांचा संबंध काय? मला तो कळला तोवर मी त्या नोकरीत चांगली मुरले होते. कळल्यावर काही दिवस मलाच पोहे नीट गिळवेनात.

त्यांच्या घरी त्यांना भैयासाहेब म्हणत. संस्थानाच्या काळात पणजोबांकडे पागा होती. घोडे गेले, पागा गेली, संस्थानही गेलं. घरातल्या पुरुषाला 'साहेब' लावायची पद्धत तेवढी राहिली. ऑफिसातल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांना 'भैयासाहेब' लांबलचक वाटायचं, त्यांनी त्याचं भियासाब केलं. इंदुरात पानवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळेच भिया, पण साब लावलेला भिया फक्त आमच्याकडे होता. ते आमचे सगळ्यांत सीनियर प्रोग्रामर. पांढरा बुशशर्ट, मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी केलेलं घड्याळ, आणि लग्नाचा पत्ता नाही.

काही उघडं दिसलं की त्यांच्या जिवाची तगमग व्हायची. बाटलीचं झाकण, कपाटाचं दार, पेनचं टोपण, कोणाच्या पिशवीची चेन. एका लग्नात पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईंची पर्स उघडी दिसली, तर यांनी वाकून अलगद तिची चेन ओढली. बाईंनी जो आरडाओरडा केला, त्यातून त्यांना सोडवायला नवऱ्या मुलाच्या मामाला मध्ये पडावं लागलं. "अहो, मी घेत नव्हतो, मिटत होतो," एवढंच ते परत परत सांगत होते.

पण सगळ्यांत जास्त चीड त्यांना एका शब्दाची होती. कळवतो.

ऑफिसात नवीन माणूस लागला की पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून सांगायचे, "हे बघ, इथे दोन उत्तरं चालतात. हो आणि नाही. तिसरं उत्तर 'चार वाजता सांगतो' असं असू शकतं. पण मग चार वाजता सांगायचं. कळवतो म्हणायचं नाही." ही बंदी तिन्ही भाषांत होती. मराठीत कळवतो नाही, हिंदीत बताता हूँ नाही, इंग्रजीत गेट बॅक करतो नाही. एकदा मालकांनीच फोनवर गिऱ्हाइकाला "बताते हैं" म्हटलं, तर हे शेजारून मोठ्यांदा म्हणाले, "कब?" मालकांनी फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की आम्ही सगळ्यांनी माना स्क्रीनमध्ये घातल्या. मालकांनी फोनवरचा हात काढला आणि म्हणाले, "सोमवार को."

माझ्या आईचं आणि त्यांचं यावरूनच बिनसलं होतं. आमचं घर बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. आमच्याकडे सत्यनारायण होता, म्हणून आईने त्यांना फोन केला. ते म्हणाले, "नाही, येणार नाही." आई कितीतरी दिवस धुसफुसत होती. "अगं, माणूस 'बघतो' तरी म्हणेल की! जमेल तर येतो, असं तरी म्हणेल! सरळ नाही? हा काय तरीका झाला?" पुढच्या वर्षी ते "येणार" म्हणाले आणि गुरुजींच्या आधी येऊन ओट्यावर बसले. आईचा राग तिथेच विरघळला. "एक आहे हं," ती मला आत येऊन म्हणाली, "ह्यांच्यासाठी पान वाढायचं की नाही, याचा घोर लागत नाही."

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. घाबरू नका, मी ते भियासाबांच्याच भाषेत सांगते.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, इंदुरातल्या मराठी लोकांचं वधू-वर मंडळ. त्यांची सगळी स्थळं आमच्या प्रोग्राममध्ये. प्रोग्राम चालू असतो तेव्हा प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा हा त्याच्या डोक्यातला एक ऑब्जेक्ट असतो. खरी नोंद असते खाली, डेटाबेसच्या टेबलात. आणि डोक्यातलं टेबलात उतरवायला मध्ये एक तयार यंत्रणा असते. जगात तिला मोठं इंग्रजी नाव आहे. भियासाब तिला मध्यस्थ म्हणत.

"मध्यस्थावर विसंबून झोपू नये," ते म्हणायचे. "तो म्हणतो, मी सांगितलं. खरंच सांगितलं का, ते तू खाली जाऊन बघ. डोक्यात बदललं म्हणजे बदललं नाही. खाली उतरलं पाहिजे, आणि वर शिक्का बसला पाहिजे." तो शिक्का म्हणजे कमिट. शिक्का बसायच्या आधी काही बिघडलं तर रोलबॅक. त्याला त्यांचा शब्द होता, जैसे थे. कमिट किंवा जैसे थे. या दोन टोकांच्या मधलं सगळं काम म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, आणि ते उघडं टाकून जागेवरून उठलेला माणूस त्यांच्या लेखी गावावरून ओवाळून टाकलेला.

हे सगळं आम्हाला ऐकून ऐकून पाठ होतं, पण समजलं बेटम्याच्या मुलामुळे.

मुलाचं बेटम्याला खत-बियाणांचं दुकान, मुलगी देवासची. दोन्हीकडून होकार आला. मंडळातल्या बाईंनी 'जमलं' असं बटण दाबलं. आमच्यातल्या एका शहाण्याने तिथे मुलीची नोंद वेगळी आणि मुलाची वेगळी अशी लिहून ठेवली होती. मुलीचं 'जमलं' खाली उतरलं, तेवढ्यात लाइट गेली. झालं. मुलगी ठरलेली, आणि मुलगा अजून बाजारात. धारकडच्या एका कुटुंबाला त्याचं स्थळ गेलं, त्यांना ते पसंत पडलं, आणि दिलेला फोन लागेना म्हणून ती मंडळी रविवारी गाडी करून थेट बेटम्याला जाऊन थडकली. त्या दिवशी तिथे साखरपुडा. मुलाच्या आईला वाटलं, ही देवासचीच माणसं. तिने त्यांना पाट दिले, टोपी-उपरणं दिलं, ओवाळलं. धारवाले भारावून गेले. पहिल्याच भेटीला एवढं आदरातिथ्य! तासाभराने देवासची खरी मंडळी आली. मुलीच्या काकांच्या नावाची टोपी एका अनोळखी माणसाच्या डोक्यावर होती.

मंडळाच्या कार्यवाह बाईंचा सोमवारी फोन आला. भियासाबांनी स्पीकरवर टाकला.

"इंजिनियरसाहेब, आपल्या प्रोग्रामने एका मुलाला दोन सासरे दिलेत. ठेवून घ्यायचे का परत पाठवायचे?"

त्या दिवशी भियासाबांनी काम बंद करून सगळ्यांना समोर बसवलं. हिंदी पोरांसाठी हिंदीत, आमच्यासाठी मराठीत, असं दोन्हींत बोलले. "लग्न दोघांचं एकदम लागतं. दुल्हन की शादी आज, दूल्हे की कल, ऐसा होता है क्या? आमच्याकडे मध्ये अंतरपाट धरतात. अंतरपाट आहे तोवर ह्या बाजूचं त्या बाजूला दिसायचं नाही, आणि कोणाचंच काही झालेलं नाही. मग भटजी म्हणतात सावधान, अंतरपाट निघतो, अक्षता पडतात, दोघांचं एका क्षणात होतं. कमिट म्हणजे हे."

तेव्हापासून आमच्याकडे चालीच पडली. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर काही पक्कं करायचं असलं की भियासाब बोट एंटरवर ठेवून खड्या आवाजात म्हणायचे, "सावधान!" सगळं ऑफिस गप्प व्हायचं. एंटर. टेस्टिंगला बसणारी आमची एक मुलगी होती, सराफ्याकडची. तिला मराठीचा गंध नाही, पण हौस दांडगी. तिच्या ड्रॉवरमध्ये शेवेचं पाकीट कायम. एंटरचा आवाज झाला की ती चिमूटभर शेव भियासाबांच्या दिशेने उडवायची. अक्षता म्हणून.

"की-बोर्ड में जाएगी, बेटा!" ते दर वेळी ओरडायचे. आणि ती दर वेळी उडवायची.

त्या कार्यवाह बाई. अख्खं मराठी इंदूर त्यांना ताई म्हणायचं. नव्वदीतल्या म्हाताऱ्यापासून आमच्या शिपायापर्यंत सगळे. म्हणत नसत ते फक्त भियासाब. ते म्हणत, कार्यवाहबाई. आणि बाई सगळ्यांशी अरे-तुरे करणाऱ्या, पण ह्यांना भैयासाहेब कधी म्हणाल्या नाहीत. इंजिनियरसाहेब, आणि आपण. ताई नाही आणि भैया नाही. माझ्या हे लक्षात यायला वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

त्या महिन्यातून एकदा ऑफिसात यायच्या. उंच, ताठ, सुती साडी, खांद्याला शबनम. लग्न त्यांनीही केलं नव्हतं. दुसऱ्यांची जमवण्यातच हयात गेली. त्या आल्या की भियासाब उठून उभे राहायचे, त्या बसल्या की बसायचे. मग दोघांचा वाद सुरू. वाद वर्षानुवर्षं एकच. प्रत्येक स्थळापुढे दोन्हीकडचं उत्तर नोंदवायची जागा होती. भियासाबांनी तिथे दोनच पर्याय ठेवले होते, होकार आणि नकार. बाईंना तिसरा हवा होता.

"कळवतो असा एक घाला तिथे."

"ते उत्तर नाही."

"आपल्या लोकांचं तेच उत्तर आहे. मुलगी पाहून उठले की दारात चपला घालताना सगळे तेच म्हणतात. मी कुठे लिहू मग ते?"

"लिहूच नका. त्यांना बसवून घ्या, हो की नाही विचारा."

"असं तोंडावर कोणी विचारतं का? आपल्यात रीत आहे ती?"

"त्या रीतीनेच वाटोळं केलं," भियासाब म्हणाले. टेस्टिंगवाली उगीचच पंखा वाढवायला उठली. शेवटी तह झाला. 'कळवतो' राहील, पण लाल अक्षरांत. त्या लाल अक्षरांकडे ते दोघं ज्या नजरेने पाहायचे, ती सारखीच होती.

हे काय प्रकरण आहे, ते मला भियासाबांनीच सांगितलं. म्हणजे त्यांनी मला डेडलॉक, दोन कामं एकमेकांत अडकून बसतात तो प्रकार, समजावून सांगितला.

झालं असं, की मंडळात गर्दीचा दिवस होता आणि दोन टेबलांवर दोन जणी बसल्या होत्या. एकाच लग्नाची दोन्हीकडची माणसं एकाच वेळी 'जमलं' म्हणून सांगायला आली, पण वेगवेगळ्या टेबलांवर. इकडे मुलीची नोंद आधी धरली गेली आणि मग मुलाची मागितली. तिकडे मुलाची आधी धरली गेली आणि मग मुलीची मागितली. एकाने धरलेली नोंद सुटेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून इकडचं तिकडच्यासाठी थांबलं, तिकडचं इकडच्यासाठी. डेटाबेसने थोडा वेळ वाट पाहिली आणि मुलाकडच्या टेबलावरचं काम मागे फिरवलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली. झालं, मुलाकडचे रुसले. आमचंच मागे का फिरवलं?

मी भियासाबांना म्हटलं, "सर, पण हे अडकतं कसं? कोणाचं भांडण नाही, कोणी चूक केली नाही, मतलब दोघांना हवं एकच आहे."

भियासाब खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. खाली क्लासमधले मास्तर माइकवरून काहीतरी ओरडून शिकवत होते.

"दोन घरं होती इथे, इंदुरातच," ते म्हणाले. "एका घरात पागा होती, दुसऱ्या घरात दफ्तर. म्हणजे एकाचे वाडवडील घोड्यावरचे, दुसऱ्याचे लेखणीवरचे. मुलगा मुलगी पाहायला गेला. मुलीच्या वडलांनी विचारलं, कम्प्युटर म्हणजे नक्की काय? मुलाने तासभर सांगितलं. दाराआडून मुलगी हसत होती, ते त्याला ऐकू येत होतं. पोहे झाले. उठताना मुलाचे वडील म्हणाले, कळवतो. मुलीचे वडील म्हणाले, आम्हीही कळवतो."

"मग?"

"मग मुलाकडचे म्हणाले, आपण पागेवाले, दफ्तरवाल्यांकडे आपण आधी कसं कळवायचं? त्यांनी विचारायला यावं. मुलीकडचे म्हणाले, आपण मुलगी दाखवली, आता त्यांनी कळवावं. दोघांनी आपलं आपलं धरून ठेवलं आणि समोरच्याची वाट बघितली. भांडण नाही, नकार नाही. कोणी मोडलं नाही, म्हणून कोणाला जोडताही आलं नाही."

मला विचारायचं होतं, मुलगा स्वतः का नाही बोलला? मुलगी का नाही? पण ते विचारायची हिंमत झाली नाही, आणि त्याचं उत्तर मला ठाऊकही होतं. त्या काळी त्यांनी बोलायचं नसतं. आणि ज्या वयात बोलता आलं असतं, त्या वयात न बोलण्याची सवय हाडात गेलेली असते.

"डेटाबेस शहाणा," भियासाब म्हणाले. "दोघं अडून बसले की एकाला मागे सारतो. एकाचा मान जातो, पण काम होतं. माणसांत तेवढी अक्कल नाही." मग स्क्रीनकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "लिही. आजपासून नियम. कुठलंही टेबल असो, आधी वधूची नोंद धरायची, मग वराची. सगळ्यांनी एकाच क्रमाने धरलं की कोणी अडत नाही."

आणि उठता उठता, मी न विचारताच, "ज्यांच्याकडचे पोहे खाल्ले, त्यांना उत्तर द्यायचं असतं."

आता भियासाब नाहीत. रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षं राहिले आणि एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. लग्न शेवटपर्यंत केलं नाही. बाई त्याआधीच भाच्याकडे नागपूरला गेल्या होत्या. आमचं ते ऑफिसही उठलं. वरच्या मजल्यावर आता कोचिंगवाल्यांचीच दुसरी शाखा आहे.

मी घरूनच काम करते, बाहेरच्या एका कंपनीचं. दिवसभर मीटिंगा. प्रत्येक मीटिंगच्या शेवटी कोणी ना कोणी म्हणतं, गेट बॅक करतो. गोड बोलतात, हसून बोलतात, आणि उघडं टाकून निघून जातात. अशा वेळी मला त्या माणसाची इतकी आठवण येते, की कॅमेरा बंद करून मी दोन मिनिटं नुसती बसून राहते. शेजारून कोणीतरी खणखणीत आवाजात "कब?" म्हणावं, असं वाटतं. आमच्या कंपनीत गोदामं आणि पार्सलं आहेत, वधू नाही आणि वर नाही. पण दोन नोंदी एकदम धरायच्या असल्या की माझ्या तोंडून जातंच, आधी वधू. पोरं विचारतात, मॅडम, ये वधू क्या है? मी सांगत बसत नाही. मला भियासाबांची इतकी याद येते, हे मी या पोरांना कसं सांगणार?

त्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगायचं म्हणून तर हे सगळं लिहायला घेतलं.

मंडळ बंद होणार होतं. लोक मोबाइलवर स्थळं पाहायला लागले होते, बाईंचे गुडघे बोलायला लागले होते, नागपूरचं ठरलं होतं. आमच्या प्रोग्राममधली सगळी स्थळं एकदमच बंद करून नोंदी जपून ठेवून द्यायच्या, एवढंच काम उरलं होतं. आम्हाला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. पण भियासाब म्हणाले, एकही लाल राहता कामा नये. 'कळवतो'वर अडलेलं प्रत्येक स्थळ मिटल्याशिवाय मी बंद करणार नाही. मग बाई स्वतः येऊन बसल्या आणि सकाळपासून दोघांनी फोन लावले. बाई बोलायच्या, भियासाब नोंदवायचे.

"अहो, तुम्ही कळवतो म्हणाला होतात. हो का नाही? ... अगं बाई! मुलगाही झाला का? अभिनंदन हो." फोन ठेवून, "इंजिनियरसाहेब, नकार लिहा. फारच नकार."

भियासाब हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दुपार झाली, डबे उघडले, मिटले, परत फोन. दोघंही मुद्दाम सावकाश करत होते, अशी मला शंका होती. शेवटचं लाल गेलं तेव्हा खालच्या क्लासची पोरं जिन्यावरून धडधडत घरी चालली होती.

"झालं," भियासाब म्हणाले. "लाल काही उरलं नाही."

"एक उरलंय," बाई म्हणाल्या.

भियासाबांनी यादी वरखाली केली. "नाही. बघा आपण."

"त्यात सापडायचं नाही ते. ते आपल्या ह्या प्रोग्रामच्या आधीचं आहे."

मी शेजारच्या टेबलाला होते. उठून जावं, असं वाटलं आणि उठता येईना. भियासाबांचे हात की-बोर्डवरून खाली मांडीवर आले. बाईंनी पदर सारखा केला, शबनमचा बंद सारखा केला, आणि भिंतीकडे बघत, एखाद्या स्थळाबद्दल सांगावं तशा आवाजात म्हणाल्या,

"आमच्याकडून होकार होता. कळवायचं राहून गेलं."

ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना हो की नाही म्हणून बजावलं, त्याला एक शब्द काढायला किती वेळ लागला! त्यांनी चष्मा काढला, परत घातला.

"आमच्याकडूनही," ते म्हणाले. "होकारच होता."

"हं," बाई म्हणाल्या.

बस, एवढंच. मग भियासाब स्क्रीनकडे वळले. सगळी स्थळं बंद करायची आज्ञा तयारच होती. त्यांनी बोट एंटरवर ठेवलं. सवयीने ऑफिस गप्प झालं. आम्ही सगळे त्यांच्या आवाजाची वाट बघत राहिलो, आणि तो येईना. बोट तसंच.

तेव्हा बाई हलकेच म्हणाल्या, "सावधान."

एंटर वाजला. आणि पलीकडच्या टेबलावरून टेस्टिंगवालीने, जिला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, दर वेळेसारखी मूठ उघडून शेव उडवली. ती दोघांवर पडली. त्यांच्या बुशशर्टवर, बाईंच्या पांढऱ्या केसांत. की-बोर्डमध्येही गेली. भियासाब ओरडले नाहीत. बाईंनी खांद्यावरची एक काडी उचलून तोंडात टाकली, आणि म्हणाल्या, "ताजी आहे गं." मग उठल्या. भियासाबही उठून उभे राहिले.

"येते," त्या म्हणाल्या.

"या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठेल्यावर उभे होतो. भियासाब आले, चहा घेतला नाही, जलेबी घेतली नाही. ठेलेवाल्यासमोर जाऊन म्हणाले, "एक प्लेट पोहे देना, भिया."

ठेलेवाल्याचा हात कढईतच थांबला. "जवाब आ गया क्या, भियासाब?"

"आ गया."

"क्या बोले?"

"हाँ बोले."

ठेलेवाल्याचा चेहरा फुलला. त्याने प्लेट भरली, वर जीरावन, वर मूठभर शेव, वर लिंबू, आणि दोन्ही हातांनी पुढे केली. भियासाबांनी पहिला घास घेतला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले. मी दुसरीकडे पाहिलं.

"तो फिर शादी कब है?" ठेलेवाल्याने विचारलं.

भियासाबांनी दुसरा घास उचलला होता. तो तसाच हातात धरून ते क्षणभर थांबले.

"बताता हूँ," ते म्हणाले.